समुद्रातील जिवाणूला नाव मिळण्यासाठी तो प्रयोगशाळेत वाढलाच पाहिजे का?

धागालेखक

समुद्राच्या पृष्ठभागावरील एका मिलिलिटर पाण्यात साधारणपणे पाच ते दहा लाख जिवाणू असतात, परंतु तेच पाणी अगारच्या (जिवाणू वाढवण्यासाठीच्या पोषक जेलीच्या) तबकडीवर पसरले तर त्यांतील शेकडा एकाचीही वसाहत दिसत नाही. असे असताना जिवाणूंच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता नव्या प्रजातीच्या नावाला मान्यता देण्यासाठी तिचा जिवंत, शुद्ध संवर्ध (प्रयोगशाळेत वाढवलेली जिवाणूंची पैदास) दोन वेगवेगळ्या देशांतील संग्रहांत ठेवण्याची अट घालते. म्हणजे जे वाढत नाहीत ते बहुसंख्य जिवाणू कायम नावाविना राहणार.

याचे ठळक उदाहरण ‘सार-११’ या गटाचे आहे. १९९० मध्ये उत्तर अटलांटिकमधील सरगॅसो समुद्राच्या पाण्यातून मिळालेल्या रायबोसोमी जनुकांवरून (जिवाणूंची ओळख पटवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकांवरून) हा गट प्रथम ओळखला गेला. पुढे लक्षात आले की पृष्ठभागाच्या पाण्यातील पेशींपैकी सुमारे चौथा हिस्सा, काही ठिकाणी त्याहूनही अधिक, याच गटाचा असतो. २००२ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉनच्या किनाऱ्याजवळील पाण्यातून तो वाढवण्यात यश आले आणि ‘पेलॅजिबॅक्टर युबिक’ हे नाव सुचवले गेले. तरीही संग्रहांची अट पूर्ण न झाल्याने त्यापुढे ‘कँडिडेटस’ हे उमेदवारीचे बिरुद वर्षानुवर्षे चिकटून राहिले. पृथ्वीवरील अत्यंत विपुल जीवांपैकी एकाला इतकी वर्षे उमेदवार म्हणून ताटकळत ठेवणारी पद्धत मला सदोष वाटते.

जनुकसंचाच्या अनुक्रमालाच (डीएनएमधील घटकांच्या क्रमालाच) प्ररूप, म्हणजे नावाला आधार असलेला प्रमाण नमुना, मानावे ही सूचना २०२० मध्ये संहितेच्या आंतरराष्ट्रीय समितीने फेटाळली. त्यानंतर २०२२ मध्ये ‘सीककोड’ ही स्वतंत्र संहिता पुढे आली आणि तिने अनुक्रमावरून नाव देण्यास मुभा दिली. माझ्या मते हा निर्णय योग्य आहे आणि तो याआधीच व्हायला हवा होता.

प्रतिसाद: अनुक्रम म्हणजे जीव नव्हे

आपली तळमळ मान्य, निष्कर्ष मान्य नाही. मी अनेक वर्षे समुद्राच्या पाण्यातून जिवाणू वेगळे करण्याचे काम केले आहे. ज्याला आपण ‘जनुकसंच’ म्हणता तो पुष्कळदा एका पेशीचा नसतोच. पाण्याच्या एका नमुन्यातील असंख्य पेशींचा डीएनए एकत्र वाचला जातो आणि संगणक त्या तुकड्यांची जुळणी करतो. दोन जवळचे जिवाणू एकाच जुळणीत मिसळले, तर अस्तित्वातच नसलेल्या जीवाला आपण नाव देऊन बसू. २००४ मध्ये सरगॅसो समुद्राच्या डीएनएवर झालेला मोठा प्रकल्प आठवावा. त्यातील एका नमुन्यात बुर्खोल्डेरिया आणि शेवानेला या जिवाणूंचे अनुक्रम इतक्या मोठ्या प्रमाणात आढळले की ते समुद्राचे नसून बाहेरून मिसळले असावेत, अशी रास्त शंका जाणकारांनी घेतली.

शिवाय संवर्ध हाताशी असला की चूक दुरुस्त करता येते. जिवंत नमुना मागवून त्याच्यावर नवा प्रयोग करता येतो. संगणकातल्या फाइलीला आपण खायला काय घालणार? सार-११ च्या वाढीला क्षपित स्वरूपातील, म्हणजे ऑक्सिजनशी न जोडलेले, गंधक लागते, हे २००८ मध्ये कळले तेही संवर्धावर प्रयोग केल्यामुळेच. सल्फेटने भरलेल्या समुद्रात राहूनही या जिवाणूला त्याचा उपयोग करता येत नाही. इतकी विलक्षण गोष्ट अनुक्रमाच्या बळावर कोणी ठामपणे सांगितली असती का?

धागालेखक

उदाहरण आपलेच, म्हणून त्याबद्दलच बोलतो. तो प्रयोग करण्याचे सुचले कशावरून? सल्फेटचे क्षपण करण्यासाठी लागणारी जनुके त्याच्या जनुकसंचात नाहीत, हे आधी दिसले होते. तो जनुकसंच २००५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याची लांबी तेरा लाख बेस जोड्यांच्या (डीएनएच्या ‘अक्षरांच्या’) घरात, म्हणजे स्वतंत्रपणे जगणाऱ्या जिवाणूंमध्ये अतिशय आटोपशीर होती. अनुक्रमाने दिशा दाखवली, संवर्धाने खात्री केली. नामकरणात मात्र आपण पहिल्या साक्षीदाराला उभेच करत नाही.

जोडीला हेही लक्षात घ्यावे की संवर्ध असला तरी प्रजाती वेगळी आहे की नाही याचा निवाडा आज बहुतांशी अनुक्रमच करतो. १६ एस या रायबोसोमी जनुकाचे साम्य सुमारे ९८.७ टक्क्यांच्या खाली असेल किंवा दोन जनुकसंचांची सरासरी समानता ९५ ते ९६ टक्क्यांच्या खाली असेल, तर ती वेगळी प्रजाती धरली जाते. भेसळीच्या भीतीवरही उपाय आहे. सीककोडमध्ये जुळणी नव्वद टक्क्यांहून अधिक पूर्ण आणि भेसळ पाच टक्क्यांहून कमी असावी, असा मापदंड सुचवलेला आहे.

प्रतिसाद: आपल्याकडची अडचण

दोघांच्याही बोलण्यात भारतीय संशोधकांची बाजू आलेली नाही. संहितेला हवे असते की संग्रहातील प्ररूप कोणत्याही देशातील अभ्यासकाला विनाअडथळा मिळावे. आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार परदेशी व्यक्तीला वा संस्थेला भारतातील जैविक संसाधन हवे असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. त्याच कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नव्या प्रजातीचे नमुने ठरवून दिलेल्या भांडारात जमा करणे बंधनकारक आहे. अरबी समुद्रातील प्राणवायू अत्यल्प असलेल्या पट्ट्यातून कोणी नवा जिवाणू वाढवला, तर हे दोन्ही नियम पाळताना त्याची दमछाक होते. या अडचणीत अनुक्रमाचा मार्ग आमच्यासाठी दिलासा ठरू शकेल.

प्रतिसाद: दिलासा की पळवाट?

याच मुद्द्यावर माझा तीव्र विरोध आहे. जिवाणूचा नमुना देशाबाहेर जाताना परवानगी हवी, पण त्याचा अनुक्रम मात्र कोणीही उतरवून घ्यावा, असे झाले तर कायद्याचा हेतूच संपतो. राष्ट्रांच्या सागरी हद्दीबाहेरील जैवविविधतेबाबतचा जो करार २०२३ मध्ये स्वीकारला गेला आणि ज्यावर भारताने २०२४ मध्ये सही केली, त्यात जनुकीय माहितीच्या लाभाचे वाटपही समाविष्ट करावे लागले, ते याच भीतीपोटी. नामकरणाचा प्रश्न अशा आडमार्गाने सोडवू नये. कायद्यात केवळ वर्गीकरणाच्या कामासाठी, व्यापारी वापर वगळून, सुटसुटीत परवाना मागावा आणि तो मिळेपर्यंत पाठपुरावा करावा.

प्रतिसाद: पुन्हा पहिल्या विरोधकाकडून

धागालेखकांचा साक्षीदाराचा मुद्दा मला खोडता आला नाही, हे मान्य करतो. मग अनुक्रमावरून दिलेल्या नावासाठी दोन अटी असाव्यात: ज्या पाण्यातून डीएनए काढला त्याचा काही भाग गोठवून जपलेला असावा, आणि एकाच जुळणीवर न थांबता स्वतंत्रपणे घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यात तोच जनुकसंच पुन्हा मिळालेला असावा. या दोन गोष्टी असतील तर उद्या कोणाला तो जिवाणू वाढवता आला, तेव्हा नाव आणि जीव एकच आहेत की नाहीत हे तपासता येईल. त्या नसतील, तर माझा विरोध कायम आहे.