पंचांनी चुकीचा निकाल दिला, तर बलराम, कर्ण आणि फाफे (फास्टर फेणे) काय करतील?

डावखुरा स्पिनर
गेल्या रविवारी खानापूर तालुक्यातल्या एका गावात टेनिस बॉलची फायनल होती. शेवटच्या बॉलला दोन रन पाहिजे होते. दुसऱ्या रनला आमचा पोरगा क्रीजमध्ये बॅट टेकवून उभा राहिला, त्यानंतर स्टंप पडले, आणि अंपायरनं बोट वर केलं. अंपायर कोण, तर यजमान कॅप्टनचा मेहुणा. आमच्यातला एकजण स्टंप उपटून धावला, एकजण रडला. परत येताना टेम्पोत वाद पेटला तो असा: गोष्टीतली माणसं त्या जागी असती, तर शहाण्यासारखं कोण वागलं असतं?

माझं मत बलरामाला. गदायुद्धात नाभीखाली मारायचं नाही हा नियम, आणि भीम-दुर्योधन दोघांनाही गदा शिकवली बलरामानंच. भीमानं मांडी फोडल्यावर तो नांगर उचलून धावला. कृष्णानं मिठी मारून आवरलं, मग भीमाची प्रतिज्ञा, मैत्रेय ऋषींचा शाप अशी सगळी कारणं सांगितली. बलरामाला एकही पटलं नाही. भीमाला जग कपटानं लढणारा म्हणेल आणि दुर्योधनाला सरळ लढणारा, असं सगळ्यांदेखत बोलून तो रथात बसला आणि द्वारकेला गेला. निकाल बदलला नाही, पण चुकलं कोण ते सांगून झालं. मला एवढंच पाहिजे. मारामारी नको, आणि आमच्याकडचं ते कानडी 'होगली बिडु', म्हणजे 'जाऊ दे, सोड', तर अजिबात नको.

हलगीवाला, शहापूर
काय सांगायलास गा? नांगर घेऊन धावला ती मारामारी नव्हे, तर काय आरती? धरायला कृष्ण होता म्हणून तुझा बलराम शहाणा दिसतोय. तुमच्या स्टंपवाल्याला धरायला कोण नव्हतं, एवढाच फरक.

२०२५ ची महाराष्ट्र केसरी आठव, अहिल्यानगरची. खांदे टेकलेच नाहीत म्हणून एका पैलवानानं पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी पडली. खांदे टेकले की नाही, हा खरा मुद्दा होता. लाथ बसल्यावर खांद्याचं कोण बोलेना, जो तो लाथेचंच बोलायला लागला. माझ्या मते तोंड मिटून मातीला हात लावायचा, कपाळाला लावायचा, आणि पुढच्या मैदानात चितपट मारायची. निकाली कुस्तीत पाठ लागली की पंचाला बोलायला जागाच राहत नाही.

टिळकवाडीचा मास्तर
बलराम पंच नव्हता हो. युद्धात कुणाचीच बाजू नको म्हणून तो सरस्वतीकाठी तीर्थयात्रेला निघून गेला आणि बेचाळिसाव्या दिवशी परतला, म्हणजे थेट शेवटच्या ओव्हरला. आधीची मॅच न बघता आलेल्या प्रेक्षकाचं मत ते. भरसभेत द्रौपदीला ओढत आणलं, दुर्योधनानं तिला मांडी दाखवली, तेव्हा कुठला नियम पाळला गेला होता? भीमाची प्रतिज्ञा तिथली. हिशेब पहिल्या बॉलपासून मांडा.

अन्यायच बघायचा तर कर्णाचा बघा. रंगमंडपात तो अर्जुनाशी भिडायला उतरला आणि कृपाचार्यांनी कूळ विचारलं. हरल्यावर नव्हे, खेळायच्या आधीच बाद! कर्णानं मान खाली घातली. दुर्योधनानं तिथल्या तिथं त्याला अंगदेशाचा राजा केलं, म्हणजे अडलेला कागदच पुरा करून दिला. माझं मत दुर्योधनाला. नियमात अडवलं तर नियमातूनच वाट काढायची.

निपाणीची आत्या
मास्तर, त्या कागदाची किंमत सांगायची राहिली तुमची. कर्ण जन्मभर त्या उपकाराखाली दबला. आपण बाद असताना आपल्या बाजूनं जो सगळ्यांत मोठ्यानं ओरडतो, त्याच्यासाठी पुढं निवडणुकीत पत्रकं वाटावी लागतात. टूर्नामेंटला ढाल देणारे साहेब आमच्याकडे बघितलेत मी.

माझं मत फाफेला. फुरसुंगीचा बनेश फेणे एकदा 'ट्टॉक' करेल, सायकल काढेल, आणि बाउंड्रीवर कोण शूटिंग करत होतं ते संध्याकाळपर्यंत शोधून काढेल.

कॅम्पातला गोलकीपर
आत्या, व्हिडिओ दाखवला तरी मेहुणा म्हणणार अँगल बरोबर नाही. मॅटवरच्या कुस्तीत कसं, कोचनं चॅलेंज घेतलं आणि ते फसलं, तर समोरच्याला एक गुण मिळतो. मग उगाच कोण हात वर करत नाही. आपल्याकडं ओरडायला काही पडत नाही, म्हणून बावीसच्या बावीस ओरडतात.

आणि चिमणरावांना कसं काय विसरलात? ते बाद नसतानाच निघाले असते, वर अंपायरची माफी मागितली असती. बाहेर गुंड्याभाऊ बाह्या सरसावून तयार. आमच्या टीमचं असंच असतंय खरं तर.

चंदगडहून
गोष्टीतली माणसं कशाला? गुंडाप्पा विश्वनाथ घ्या, तुमच्याच कर्नाटकाचा. १९८० ची मुंबईतली जुबिली टेस्ट. इंग्लंड ५ बाद ५८, आणि बॉब टेलरला अंपायरनं झेलबाद दिलं. विश्वनाथ कॅप्टन. बॅट लागलीच नाही अशी खात्री असल्यानं त्यानं टेलरला परत बोलावलं. टेलर-बोथमनं १७१ ची भागी केली, आपण दहा विकेटनं हरलो. अन्याय झालेल्यानं काय करावं यावर सगळे बोलायला लागलाय. ज्याचा फायदा झाला त्याचं काय? तुमच्या फायनलला यजमान कॅप्टनला दिसलं असेलच की.

हलगीवाला, शहापूर
खरी माणसं चालायची नाहीत, धाग्याचा विषय बघा. नाहीतर पुलंचे रावसाहेब आमच्या बेळगावचेच होते. ते अंपायरला काय बोलले असते, ते इथं छापता आलं नसतं.

डावखुरा स्पिनर
मास्तर, तुमचं काही पटलं नाही. द्रौपदीवर अन्याय झाला, मान्य. त्यानं गदेचा नियम पुसला जातो होय? मग प्रत्येक अंपायर जुनं उकरून काढेल आणि आजचा बॉल कुणी बघणारच नाही. त्या मेहुण्यानंही शेवटी हेच ऐकवलं, 'गेल्या वर्षी तुम्ही काय केलं होतं?'

टिळकवाडीचा मास्तर
काय केलं होतं?

डावखुरा स्पिनर
त्याचा इथं काय संबंध?

हलगीवाला, शहापूर
मी सांगतो की मास्तर. गेल्या वर्षी सेमीफायनलला हलगी घेऊन मी तिथंच होतो. ह्यांच्या बॉलरनं छातीवर फुलटॉस टाकला, कॅच गेला. नोबॉल द्यायला पाहिजे होता, ह्यांच्या अंपायरनं आऊट दिला.

डावखुरा स्पिनर
छातीवर नव्हता. कमरेखाली होता.

निपाणीची आत्या
म्हणजे तुमच्या अंपायरला कमरेखालचं चालतं, भीमाला तेवढं चालत नाही!