'अँटी-एचसीजी' : विरोधी की ओळखणारे?

प्रश्न : प्रयोगशाळेतल्या एका कुपीवर 'माऊस अँटी-ह्यूमन बीटा एचसीजी मोनोक्लोनल अँटिबॉडी, फक्त संशोधनासाठी' असं छापलंय. मी 'उंदराचे मानवी गर्भसंप्रेरक-विरोधी प्रतिपिंड' असं मराठी केलं. चालेल का?

उत्तर : 'अँटिबॉडी'साठी 'प्रतिपिंड' (परक्या द्रव्याला ओळखून चिकटणारं प्रथिन) हा रुळलेला शब्द आहे, तो ठेवाच. 'विरोधी' मात्र काढा. ते वाचून या द्रव्याने गर्भाला धोका पोहोचतो की काय, अशी शंका येईल. इथे 'अँटी'चा अर्थ एवढाच, की हे प्रतिपिंड एचसीजीला, म्हणजे गर्भारपणात तयार होणाऱ्या संप्रेरकाला, नेमकं ओळखून चिकटतं. गर्भचाचणीची पट्टी आठवा. लघवीतल्या एचसीजीला रंगीत कण जोडलेलं एक प्रतिपिंड धरतं, आणि ती जोडी पुढे सरकली की रेघेच्या जागी पक्कं बसवलेलं दुसरं प्रतिपिंड त्याच रेणूला दुसऱ्या बाजूने पकडतं. रंग तिथे साचतो, रेघ दिसते. यात विरोध कुठेच नाही. म्हणून 'एचसीजी ओळखणारे'.

'उंदराचे मानवी' हेही शेजारी शेजारी नको, फार गोंधळ होतो. प्रतिपिंड उंदराच्या पेशींपासून मिळवलेलं, संप्रेरक माणसाचं. 'मोनोक्लोनल' म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून आलेलं, अगदी एकसारखं; तो शब्दही राहू द्या.

आणि 'बीटा' तुम्ही गाळलात, सगळा नेमकेपणा तर त्यातच आहे! एचसीजीचे दोन भाग असतात. ९२ अमिनो आम्लांचा अल्फा भाग एलएच, एफएसएच (दोन्ही प्रजननाशी संबंधित) आणि टीएसएच (थायरॉइडशी संबंधित) या संप्रेरकांतही तसाच असतो. नुसता अल्फा ओळखणारं प्रतिपिंड त्यांनाही चिकटू शकतं. १४५ अमिनो आम्लांचा बीटा वेगळा. तोही एलएचच्या बीटाशी बराच जुळतो, पण त्याचं शेवटचं टोक एलएचमध्ये नसतं. त्या टोकाला धरणारी प्रतिपिंडं म्हणूनच मोलाची.

प्रश्न : मग 'विरोधी' कधीच नको?

उत्तर : हवा तिथे हवाच. भारतीय शास्त्रज्ञ जी. पी. तलवार यांनी एचसीजीवर आधारलेली गर्भनिरोधक लस विकसित केली. तिच्यामुळे स्त्रीच्या शरीरात तयार होणारी प्रतिपिंडं संप्रेरकाला खरोखर निष्प्रभ करतात. तिथे 'एचसीजी-विरोधी' अगदी चपखल.

तुमच्या कुपीसाठी मी असं लिहीन : 'मानवी बीटा एचसीजी ओळखणारे मोनोक्लोनल प्रतिपिंड (उंदरापासून मिळवलेले)'. खाली 'फक्त संशोधनासाठी' ठळक राहू द्या, रुग्णाच्या निदानासाठी ही कुपी नाही.