कोरीव चित्र की ठशाचं चित्र?

एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच साप्ताहिकाचं एक सुटं पान हाती आलंय. पॅरिसला सेन नदीच्या कठड्यावर पुस्तकांच्या पेट्या मांडलेला म्हातारा विक्रेता, हातात फडकं, जाडजूड पुस्तकाची धूळ झटकतोय. शेजारी हातगाडी. चित्राखाली 'एनग्रेव्हिंग'साठी काय लिहू? 'कोरीव चित्र' म्हटलं की वेरूळ डोळ्यांपुढे येतं. 'उत्कीर्णन' तर कुणाच्या तोंडी नाही. आणि अशा विक्रेत्याला फ्रेंचमध्ये 'बुकिनिस्त' म्हणतात, त्याला काय म्हणावं?

— आधी पान उलटून बघा. मागे मजकूर असेल तर बहुधा लाकडी ठसा. तांब्याच्या पत्र्यावर कोरलं की शाई खाचेत बसते, म्हणजे कोरलेली रेघच काळी उठते. लाकडावर नेमकं उलट: कोरलं ते पांढरं, राखलं ते काळं. ठशाची उंची खिळ्यांइतकी, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांइतकी ठेवत, त्यामुळे चित्र आणि मजकूर एकाच दाबात निघे. १८४० नंतरची लंडन-पॅरिसची सचित्र साप्ताहिकं यावरच चालली. या कामाचं लाकूड, बॉक्सवुड, लहान खोडाचं, म्हणून मोठ्या चित्राला तुकडे जोडत. सांधा ढिला राहिला की छपाईत बारीक सरळ पांढरी रेघ दिसते.

— मागे मजकूर आहे. रेघही सापडली, म्हाताऱ्याच्या कोपरातून थेट पेटीपर्यंत!

— मग 'लाकडी ठशाचं चित्र' लिहा. 'कोरीव' तांब्यासाठी राखू. १८०५ साली मिरजेला छापलेली गीता तशा कोरलेल्या पत्र्यांवरची. 'शिळाछाप' मात्र नको, त्यात दगडावर काही कोरलेलंच नसतं, सगळा खेळ तेलापाण्याच्या वैराचा.

'बुकॅं' म्हणजे बोलीत पुस्तक, त्यातही जुनं, त्यावरून बुकिनिस्त. 'ग्रंथविक्रेता' म्हटलं की काचेची कपाटं आली. 'रद्दीवाला' वजनावर घेतो, याला पुस्तकागणिक किंमत ठाऊक. 'जुना पुस्तकवाला' लिहिलंत तर माणूसच जुना होतो (इथे तेही खरं म्हणा). मी 'जुन्या पुस्तकांचा विक्रेता' लिहीन. 'कठड्यावरचा' हवंच, त्याशिवाय चित्र कळत नाही.

हातगाडीवरून सालाचाही अंदाज बांधता येतो. रात्री पेट्या कठड्यावरच ठेवायची परवानगी १८९१ मध्ये मिळाली. तोवर रोज संध्याकाळी सगळा माल घरी न्यावा लागे.