हॅझर्ड, रिस्क, व्हल्नरेबिलिटी: तिन्हींना 'धोका'च?

प्रश्न: गावाचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा मराठीत लिहिताना या तिन्हींसाठी 'धोका' हाच शब्द येतो. वेगळे शब्द कोणते वापरावेत?

प्रतिसाद 1: हॅझर्ड म्हणजे धोका, रिस्क म्हणजे जोखीम. अडतं ते तिसऱ्यापाशी, व्हल्नरेबिलिटीपाशी. भूकंप हा धोका. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत माणसं दगावली ती घरांखाली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड आरपार जाणाऱ्या लांब दगडांनी जोडलेले नव्हते, त्यामुळे हादऱ्याने भिंत दुभंगली आणि माळवद खाली आलं. घरातल्या या उणिवेला नाव हवं. 'असुरक्षितता' नको, तो शब्द नुसत्या भीतीलाही लागतो, त्यावरून नेमकं काय तपासायचं ते कळत नाही.

प्रतिसाद 2: पूरप्रवण, दरडप्रवण हे शब्द रुळले आहेत. मग 'आपत्तीप्रवणता' का नको?

प्रतिसाद 3: प्रवण म्हणजे कललेला, उतरता. 'दरडप्रवण' म्हटलं की डोंगराचं वर्णन झालं, खालच्या माणसांचं नाही. शिवाय दरडप्रवण गावांची यादी झाली की बाकीची गावं निर्धास्त. इर्शाळवाडी त्या यादीत नव्हती. 19 जुलै 2023 च्या रात्री तिच्यावर दरड आली. 'प्रवण' ठेवायचाच असेल तर 'हानिप्रवण' म्हणा. हा शब्द घराला, माणसाला, रस्त्यालाही लावता येतो.

प्रतिसाद 4: आराखड्यात 'हानिप्रवणता' चालेल. ग्रामसभेत 'कच्ची बाजू' म्हणा, लोक लगेच बोलू लागतात. कोल्हापुरात पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. पण ही पातळी नदीची. एखाद्या घराच्या उंबऱ्याला पाणी 41 लाच लागतं, एखाद्याच्या 47 ला. म्हणून प्रत्येक घरापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: बंधाऱ्यावर किती फूट असताना पाणी उंबऱ्याला येतं, बाहेर पडायची वाट किती फुटांना बंद होते आणि उचलूनच न्यावं लागेल असं घरात कोण आहे. वाट बहुधा उंबऱ्याच्या आधी बुडते. हा रकाना रिकामा राहिला, तर पाणी दारात येईपर्यंत थांबलेलं कुटुंब अडकतं.

प्रतिसाद 1: पटलं, पण 'कच्ची' शब्दाने एक घोटाळा होईल. पाहणीत कच्चं घर, पक्कं घर असे रकाने आधीच असतात. भरणारा माणूस स्लॅबचं घर दिसलं की 'कच्ची बाजू: नाही' लिहून मोकळा होईल, आणि आत अंथरुणाला खिळलेली एकटी आजी सुटेल. म्हणून घराची, माणसांची आणि वाटेची कच्ची बाजू असे तीन रकाने वेगळे आखा.

प्रतिसाद 4: बरोबर, तीनच करूया. कारखान्याशेजारच्या वस्तीलाही हेच रकाने लागू पडतात. तिथे फुटांऐवजी वाऱ्याची दिशा लिहायची, आणि सखल भागातली घरं वेगळी मांडायची. भोपाळमध्ये 1984 साली गळलेला वायू हवेपेक्षा जड होता, तो जमिनीलगत पसरला.