दीडशे रुपयांत दोस्तांच्या टाळ्या?

काटाकिर्र_रंकाळा:
काल एकानं पोस्ट टाकली, "कोल्हापुरातले अंडरग्राउंड रॅप शो म्हणजे साठ पोरांनी एकमेकांना वाजवलेल्या टाळ्या. स्टेजवरचा आणि खालचा एकाच कट्ट्यावरचा. बाहेरच्याला एक शब्द कळत नाही, वर दीडशे रुपये तिकीट." खाली हसणाऱ्यांची जत्रा. दोन ओळींत भागणार नाही, म्हणून वेगळा धागा.

तिकिटाचं आधी. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कनं जी पार्टी वाजवली, जिथनं हिपहॉप सुरू झालं म्हणतात, तिलाही तिकीट होतं. पोरींना २५ सेंट, पोरांना ५०. त्याच्या बहिणीला शाळेच्या कपड्यांना पैसे हवे होते म्हणून तिनं ती भरवलेली. मग 'अंडरग्राउंड म्हणजे फुकट' हे कुठल्या पेठेतनं आलं? साठ जणांचे होतात नऊ हजार. त्यात हॉल, दोन टॉप (वरचे स्पीकर), एक बासचा स्पीकर, मिक्सर, माइक, ऑपरेटर आणि सामान वाहायच्या टेम्पोचं भाडं. उरलं तर चहा.

आता टाळ्या. ९० च्या टेम्पोला, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांच्या वेगाला, सोळा बार (एक बार म्हणजे चार ठोके) जेमतेम ४३ सेकंदांत संपतात. त्यात दम घ्यायला धड जागा मिळतात तीन-चार. तिथं ओळीचा शेवटचा शब्द गर्दी उचलते. डीजे सोळाव्या बारला बीट, म्हणजे मागचं संगीत, तोडतो, खालनं पोरं ओळ पुरी करतात, तेवढ्यात वरचा पुढच्या कडव्याचा दम भरतो. शाहिराच्या मागं झीलकरी 'जी जी रं जी' ओढतात ते शोभेला नव्हे, तेवढ्यात शाहीर श्वास घेतो. इथं साठ झीलकरी आहेत. ओळी पाठ असणारी पोरं कट्ट्यावरचीच असणार की!

कटाची_वाटी:
पोस्ट माझीच, लपवत नाही. झीलकऱ्याचा दाखला झकास, पण अर्धाच सांगितला. शाहीर चुकला तर झीलकरी सावरतो. तुमची गर्दी चुकल्यावरही शिट्ट्याच मारते. आठव्या बारला ओळ विसरली, चार बार नुसतं "हात वर, हात वर", आणि खाली "नाद खुळा!" कलगी-तुऱ्याच्या फडात सवालाला जवाब आला नाही की सगळ्यांदेखत हार मानावी लागायची. तुमच्यात हरतो कोण?

आणि सायफरचं बोला, गोल करून आळीपाळीनं रॅप म्हणतात ते. नव्या पोराला नेहमी शेवटी उभं करायचं. तोवर बीट ९० वरनं १४० च्या ड्रिलवर (रॅपचाच एक प्रकार) गेलेली. त्यानं घरात ९० ला बसवलेले सोळा बार तिथं २७ सेकंदांत संपवावे लागतात. शब्द एकमेकांवर चढतात, पोरगं गडबडतं, गोल हसतो. 'आता टेम्पो बदलणार' एवढं सांगायला काय जातं? याला आपलेपणा म्हणत नाहीत, कुंपण म्हणतात.

साउंडवाला_मामा:
दोघंही बाजूला व्हा. बाहेरच्याला शब्द का कळत नाही? माइक मुठीत धरल्यामुळं. शुअर एसएम५८ घ्या नाहीतर दोन हजाराचा कुठलाही, हे माइक समोरचं ऐकतात आणि मागचं टाळतात. ते टाळणं होतं जाळीच्या आत, कॅप्सूलच्या, म्हणजे आवाज पकडणाऱ्या भागाच्या, मागच्या फटींमुळं. जाळी मुठीत घेतली की फटी बंद. मग माइक चारी बाजूंनी ऐकायला लागतो. पायाशी ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरचा आवाज परत आत जातो आणि कूंऽऽ. ऑपरेटर घाबरून व्होकल, म्हणजे गाणाऱ्याचा आवाज, खाली घेतो, आणि तुम्ही म्हणता ऑपरेटर बिनकामाचा.

काटाकिर्र_रंकाळा:
मामा, मूठ ही स्टाईल आहे. आवाज जाड येतो.

साउंडवाला_मामा:
जाड नाही, डबक्यातला येतो. जाड पाहिजे तर जाळीला ओठ लावा, बास आपोआप वाढतो. मूठ दांड्यावर, जाळीच्या चार बोटं खाली. मिक्सरवर व्होकलमधलं १०० हर्ट्झच्या खालचं कापा, ३०० च्या आसपास थोडं कमी करा. मराठीतले च, ट, त कळतात ते मुख्यतः २ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. तिथंच बीटमधली हलगी कडाडत असते. तेवढा पट्टा बीटमधनं तीन डेसिबल खाली घ्या, शब्द वर येतील. पण तुम्ही बीट आणता यूट्यूबवरनं उतरवलेली, तीही फोनवर, ब्लूटूथनं. मधेच आईचा फोन येतो आणि सगळ्या हॉलला रिंगटोन.

कटाची_वाटी:
😂 आणि मूळ गाणंच मागं लावून वर ओठ हलवणारे? त्याला रॅप म्हणायचं की गणपतीतला देखावा?

काटाकिर्र_रंकाळा:
सगळ्यांना एका दावणीला बांधू नकोस. नुसत्या बीटवर कडवं म्हणायचं, हुकला, म्हणजे धृपदाला, तेवढा आधी रेकॉर्ड केलेला जोडआवाज मागं ठेवायचा, ही पद्धत जगभर आहे. पुरं गाणं लावणारा आमच्यातही ओळखला जातो.

कटाची_वाटी:
ओळखला जातो, पण त्याला सांगतं कोण? कुणीच नाही. माझा मुद्दा हाच आहे भावा.

झोपमोड_मंगळवारपेठ:
रॅप असो नाहीतर भजन, मला बासचं बोलायचंय. रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, नियम २००० सालचा आहे. गणपतीत डॉल्बीनं खिडकीची तावदानं थरथरतात, आता वर्षभर तुमचं धडाम धडाम.

काटाकिर्र_रंकाळा:
काका, डॉल्बीचा राग आमच्यावर कशाला? मंडळांना सणाला बारापर्यंत सवलत मिळते, वर्षातनं पंधरा दिवसांपर्यंत. आमच्या साठ पोरांकडं मात्र साडेनऊलाच पोलिसांची गाडी येते. आणि दहानंतर बंद हॉलच्या आतल्या स्पीकरला त्याच नियमात मोकळीक आहे, तेही वाचा.

झोपमोड_मंगळवारपेठ:
मोकळीक आतल्या आवाजाला आहे, माझ्या गादीखाली येणाऱ्या बासला नाही. पत्र्याच्या शेडला हॉल म्हणायचं असेल तर आमच्या बोळाला विमानतळ म्हणा.

साउंडवाला_मामा:
काकांचं बरोबर आहे. पत्रा बास अडवत नाही, उलट स्वतःच वाजतो. बास थेट फरशीवर ठेवू नका, खाली जाड रबर घाला, तोंड रस्त्याकडं नको. ४० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. त्या शेडमध्ये ते ऐकू येत नाही, नुसतं शेजाऱ्यांना हलवतं. साठ माणसाला एक बास पुष्कळ, दोन लावणारा मिरवणुकीच्या सवयीचा.

झोपमोड_मंगळवारपेठ:
हे आधी करा, मग संस्कृती सांगा.

वेणी_आणि_व्हर्स:
शंभर कमेंट माइक आणि बासवर. पोरींचं कोण बोलणार? पोस्टरवर सहाची वेळ, साउंड चेक सातला, पहिला माणूस आठला वर. यादीत पोरींची नावं शेवटी, म्हणजे साडेनऊला, गाडी यायच्या वेळेला. कापले जातात ते आमचेच सेट. मग म्हणायचं, "पोरी येतच नाहीत." शेवटी ओळखीचे चेहरे उरतात ते असे. दहा जणांना पाच-पाच मिनिटं आणि मधे माइक बदलायला दोन धरली तरी सव्वा तास होत नाही. सहाला सुरू करा, साडेसातला सगळे मोकळे. साउंड चेक चारला.

कटाची_वाटी:
ताई, हे माझ्या पोस्टमध्ये असायला पाहिजे होतं.

वेणी_आणि_व्हर्स:
तुमच्या पोस्टमध्ये पोरी नव्हत्याच. "साठ पोरांनी" लिहिलंय. आणि मी त्या गर्दीतलीच आहे. माझी ओळ खालनं परत येते तेव्हा काय होतं ते लांबनं कळत नाही. 'टाळ्या' म्हणून मोकळे होऊ नका. कौतुकाला माझी हरकत नाही, यादी कोण लावतं त्याला आहे.

काटाकिर्र_रंकाळा:
यादी चिठ्ठ्या टाकून लावूया. सायफरलाही तेच. आणि टेम्पो बदलायच्या आधी डीजेनं चार बार नुसती हाय-हॅट (ड्रमची झांज) वाजवायची, म्हणजे नव्याला ताल मोजता येईल. झालं समाधान, भावा?

कटाची_वाटी:
अर्धं. ओळ विसरणाऱ्याला शिट्टी मारणार का नाही?

काटाकिर्र_रंकाळा:
पहिल्यांदा विसरला तर मारणार. दम गेलेल्याला उचलायचं नाही तर गर्दी कशाला पाहिजे? तीन शो तेच कडवं घेऊन आला आणि परत विसरला, तर गप्प बसू. आमच्यात गप्प बसण्याइतकं मनाला दुसरं काही लागत नाही.

कटाची_वाटी:
बघूया. पुढच्या वेळेला येतो, दीडशे भरून, मागं भिंतीला टेकून उभा राहतो. मुठीत माइक दिसला की पैसे परत.

काटाकिर्र_रंकाळा:
पैसे परत नाहीत. चहा मिळंल.

साउंडवाला_मामा:
चहा मिक्सरपासनं लांब ठेवा. दोन फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या) अजून चिकटतात.