भेंडी बाजार: झाडावरून, की ‘बिहाइंड द बझार’वरून?

गिरणगावकर: परवा मुंबईत हेरिटेज वॉकला गेलो होतो. गाइडने छातीठोकपणे सांगितलं की फोर्टातले साहेब क्रॉफर्ड मार्केटमागच्या वस्तीला ‘बिहाइंड द बझार’ म्हणत आणि आपल्या लोकांनी त्याचा ‘भेंडी बाजार’ केला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ही शुद्ध लोणकढी वाटते. तिथे भेंडीची झाडं होती म्हणून भेंडी बाजार, एवढं सरळ आहे. भाजीची भेंडी नव्हे हं, समुद्राकाठचं झाड, पारोसा पिंपळ.

खवट_म्हातारा: सरळ कसलं? ‘प्लॅटफॉर्म’चा फलाट झाला, ‘हू कम्स देअर’चा हुकुमदार झाला, मग ‘बिहाइंड’ची भेंडी का होऊ नये? आणि कुठे आहेत ती झाडं? मी चाळीस वर्षं महंमद अली रोडवरून जातोय. मला एक दिसलं नाही.

गिरणगावकर: काका, उमरखाडीत किती उंबर उरलेत? फणसवाडीत फणस? चिंचपोकळीत चिंच? झाडं तोडली तरी नाव राहतंच. आणि हे सगळे शेजारीपाजारी झाडांच्या नावाचे असताना एकट्या भेंडी बाजारालाच साहेब लागला?

मालवणची_मृणाल: उच्चार करून बघा ना. ‘बिहाइंड’मध्ये जोर ‘हाइंड’वर येतो. ऐकणारा त्याचं बिहांड करील, भिंड करील. शेवटची ‘ई’ आली कुठून? शिवाय फलाट हा नवा जिन्नस होता, त्याला आपल्याकडे शब्दच नव्हता. हमालापासून सगळे जिथे राबत होते, त्या वस्तीला नाव द्यायला फोर्टातला माणूस कशाला हवा?
झाडाबद्दल म्हणाल तर आमच्याकडे कुंपणाला भेंडीचीच मेढ रोवतात, पावसात ती जीव धरते. फूल सकाळी पिवळंधमक, पोटात गडद लाल ठिपका, संध्याकाळपर्यंत तांबूस होऊन गळतं. भाजीच्या भेंडीचं फूल शेजारी ठेवा, सख्खी बहीण वाटते. दोघी जास्वंद-कापूस-अंबाडीच्याच कुळातल्या.

खवट_म्हातारा: मग भाजीवरून झाडाला नाव पडलं असेल. भाजी गावोगाव, तुमचं झाड फक्त किनाऱ्यावर.

मालवणची_मृणाल: उलटंही असू शकतं. ह्यावर मी पैज लावणार नाही.

तंजावरचा_मराठी: गंमत सांगतो. ह्याच झाडाला इंग्रजीत ‘पोर्शिया ट्री’ म्हणतात. शेक्सपिअरच्या पोर्शियाचा काही संबंध नाही, तमिळमधल्या ‘पूवरसु’चा तो साहेबी अवतार आहे. पू म्हणजे फूल, अरसु म्हणजे पिंपळ. म्हणजे ह्या झाडाच्या बाबतीत नाव बिघडवलं ते साहेबाने, आपण नव्हे!

खवट_म्हातारा: एका नावात साहेबाचे कान तिखट नव्हते म्हणून दुसऱ्यात आपले तिखट होते, असं सिद्ध होत नाही.

गिरणगावकर: मान्य. पण क्रॉफर्ड मार्केटचा मागचा भाग म्हणजे आधी अब्दुल रेहमान स्ट्रीट, मग पायधुणी. ते सगळं ओलांडून ‘मागे’ हे नाव नेमकं भेंडी बाजारालाच कसं चिकटलं? पायधुणीला का नाही?

खवट_म्हातारा: पायधुणीला आधीच नाव होतं.

गिरणगावकर: आणि भेंडी बाजारच तेवढा बिननावाचा बसला होता?

ढेकणे_काकू: भांडा भांडा. मी मात्र लहानपणी समजत होते की तिथे गाण्याच्या भेंड्या होतात. भेंडी बाजार घराणं ऐकल्यापासून तर खात्रीच झाली होती!

खवट_म्हातारा: काकू, तुमची व्युत्पत्ती गाइडपेक्षा बरी. मृणालताई, त्या झाडाची कांडी पावसाळ्याआधी मिळेल का? गच्चीवरच्या पिंपात लावून बघतो. झाड पटलं म्हणून मी हरलो असं मात्र नाही.