जपानी कांजीच्या गोष्टी लक्षात राहतात, उच्चार नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा, सातपूरला नोकरी, डिसेंबरात जेएलपीटीची (जपानी भाषेच्या परीक्षेची) एन-फोर पातळी द्यायची आहे. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्राक्षरं, पाठ व्हाव्यात म्हणून प्रत्येकीची गोष्ट रचतो. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विश्रांती, हे तर पोरगंही सांगेल.

गाडी अडली देवळाच्या कांजीपाशी. देऊळ म्हणजे 'तेरा' (हो, बारानंतरचे तेरा!). त्याला पावलांची खूण जोडली की 'वाट पाहणे', म्हणून मी त्र्यंबकेश्वरची रांग आठवतो. हात जोडला की 'धरणे': हातात प्रसाद. सूर्य जोडला की 'वेळ': काळारामाच्या कळसावरचं ऊन. बैल जोडला की 'विशेष'. आपल्या कपालेश्वरापुढे नंदी नाही हेच विशेष, त्यामुळे ही उलटी गोष्ट सगळ्यात पक्की बसली.

अर्थ झाले, पण उच्चार? 'धरणे' आणि 'वेळ' दोन्हींचं चिनी वळणाचं वाचन ('तेरा'सारख्या अस्सल जपानी वाचनाहून वेगळं, चिनीतून आलेलं) 'जि', देवळाचंही 'जि'. मग 'वाट पाहणे'चं 'ताइ' आणि 'विशेष'चं 'तोकु' कसं? इथे माझी दांडी उडते.

तुम्ही उच्चार गोष्टीतच गुंफता, की गोष्ट फक्त अर्थापुरती ठेवून वाचन शब्दांतून पाठ करता? आणि दीडशे कांजींनंतर गोष्टी एकमेकींत मिसळायला लागल्या, तेव्हा काय केलंत? नाशिकमध्ये रविवारी सोबत बसणारं कुणी असेल तर तेही सांगा, चहा माझ्याकडून.